अंग कोणत्या रंगाचं?

गौरी-गणपतीचे विसर्जन होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा एकदा घाटाखालच्या बाजारपेठेतला एक भुसार व्यापारी डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका वृद्धाकडे आला. या वृद्धाला सारा परिसर नाना म्हणत असे. आयुष्यभर त्यांनी त्या घाटातली फुलपाखरे पाहिली होती. कोणते फुलपाखरू कोणत्या झाडावर अंडी घालते, कोणते उन्हात पंख पसरते आणि कोणते सावलीत मिटून बसते, हे त्यांना शेजाऱ्यांच्या सवयींसारखे ठाऊक होते. ऋजुता नावाची एक तरुण शिष्या त्यांच्याकडे शिकायला येत असे. त्या सकाळीही ती तिथेच होती.

व्यापाऱ्याचे आडनाव केळुसकर. लोक त्यांना शेठ म्हणत. ओटीवर बसून ते पाणी प्यायले आणि त्यांनी सरळ विषयालाच हात घातला.

"नाना, माझ्या मुलाला फोनवर एवढंच सांगा, की तू म्हणालास ते खरं होतं."

"काय म्हणाला होता तो?"

शेठनी हकिगत सांगितली. मुलाचे नाव सारंग. त्याला लहानपणापासून रानात हिंडायचा नाद. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तो धावत घरी आला आणि म्हणाला, वरच्या रानात मलबारी गुलाब दिसला. हे फुलपाखरू दक्षिणेकडच्या दाट जंगलातले. या गावात ते कधी कुणी पाहिले नव्हते. सारंगच्या निसर्ग मंडळातली माणसे हसली. ती म्हणाली, तू बहुरूपी नावाचं साधं फुलपाखरू पाहिलंस. सारंग हट्टाला पेटला. मग त्यांच्यातल्याच एकाने दुकानात येऊन शेठना टोमणा मारला, की तुमचा मुलगा हल्ली थापा मारायला लागलाय.

"आणि मी..." शेठ अडखळले. "दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, कामाचा तर नव्हतासच, आता खोटारडाही झालास. संध्याकाळच्या गाडीने तो कोल्हापूरला गेला. तिकडेच नोकरी धरली. आईशी बोलतो. माझा आवाज आला की फोन ठेवतो. यंदा गणपतीलाही आला नाही, नाना. आपल्याकडे गणपतीला मुलगा घरी नाही म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आरतीला मी झांजा हातात धरून नुसता उभा होतो."

नानांनी त्यांचा पेला पुन्हा भरला. मग त्यांनी विचारले, "त्याने नेमकं काय पाहिलं, ते तुम्ही त्याला विचारलंत?"

"सांगितलं ना, मलबारी गुलाब."

"ते त्याने दिलेलं नाव झालं. पाहिलं काय?"

शेठनी आठवण्याचा प्रयत्न केला. "काळे पंख... पांढरा डाग... असंच काहीतरी म्हणत होता. माझं लक्ष नव्हतं."

"मग मी त्याला काय सांगू? मी तिथे नव्हतो."

"तो तुम्हाला मानतो. तुमचा एक शब्द पुरे आहे. त्यात कुणाचं काय बिघडणार आहे?"

नाना म्हणाले, "उद्या सकाळी ऊन चढायला लागलं की या. पायात बूट घाला आणि पाणी बरोबर ठेवा."

"कशाला?"

"फुलपाखरं बघायला."

आपली थट्टा होत आहे असे शेठना वाटले. ते उठून गेले. ऋजुतालाही गुरूंचे हे वागणे रुचले नाही. ती म्हणाली, "नाना, एवढा मोठा माणूस डोळ्यांत पाणी आणून बसला होता. मुलाने खरंच मलबारी गुलाब पाहिला नसेल हे कशावरून? एक शब्द दिला असतात तर एक घर सांधलं गेलं असतं."

"उद्या तूही ये," एवढेच नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. दुकान नोकरांवर सोपवून, कपाळाला आठ्या घालून आले. तिघे वरच्या रानातल्या एका मोकळ्या जागेत जाऊन बसले. तिथे घाणेरी फुलली होती आणि कडेला तिरफळाचे एक काटेरी झाड होते. तिरफळ पाहून शेठ थोडे खुलले. "हे मात्र मी जन्मभर विकलंय," ते म्हणाले. "पण झाडाखाली बसायची वेळ पहिल्यांदाच येतेय."

त्या दिवशी त्यांना सगळी फुलपाखरे सारखीच दिसली. एक पिवळे, एक पांढरे, एक काळसर. ती बसत नव्हती, आणि बसलीच तर शेठ जवळ जाईपर्यंत उडून जात होती. "यात बघायचं काय?" ते वैतागून म्हणाले.

नानांनी विचारले, "तुमच्या दुकानात दोन पोत्यांत दोन जातींचा तांदूळ असतो. मला तो सारखाच दिसतो. तुम्हाला कसा वेगळा कळतो?"

"दाण्यावरून कळतो. टोकावरून, पोटातल्या पांढऱ्या ठिपक्यावरून. हातात घेतला की कळतो."

"पहिल्या दिवसापासून कळत होता?"

शेठ हसले. त्या भेटीतले त्यांचे ते पहिले हसू. "माझ्या वडिलांनी वर्षभर नुसते दाणे निवडायला बसवलं होतं."

ते रोज येऊ लागले. कोल्हापूरचा विषय कुणी काढला नाही. हळूहळू त्यांची नजर स्थिरावली. पिवळ्यात दोन प्रकार आहेत, हे त्यांनी आपणहून ओळखले. पंखांच्या खालच्या बाजूला हळद आणि कुंकू लावल्यासारखे रंग असलेले फुलपाखरू दिसले, तेव्हा "यालाच हळदीकुंकू म्हणतात का?" असे त्यांनी लहान मुलासारखे विचारले. एका दुपारी घरी परतताना ते ऋजुताला म्हणाले, "सारंग मला हाका मारायचा. बाबा, बाहेर या, बघा काय आलंय. मी म्हणायचो, गिऱ्हाईक आहे."

नानांनी त्यांना एकच गोष्ट समजावून सांगितली. गुलाब जातीची फुलपाखरे विषारी वेलीच्या पानांवर वाढतात, म्हणून पक्षी त्यांना खात नाहीत. बहुरूपी विषारी नसतो, पण त्याची मादी कित्येकदा गुलाबाचाच पोशाख घालते. तेच काळे पंख, तेच पांढरे डाग, तीच संथ भरारी. पक्षी फसतो, तिथे माणसाची काय कथा? "पण अंगाचा रंग तिला बदलता येत नाही," नाना म्हणाले. "गुलाबाचं अंग लाल असतं. हिचं काळं."

आणि मग ती सकाळ आली. घाणेरीवरून एक मोठे काळे फुलपाखरू अलगद तरंगत गेले. त्याच्या मागच्या पंखांवर पांढरा डाग लख्ख उठून दिसत होता.

"तेच! नाना, तेच ते!" शेठ ओरडले. "सारंग म्हणाला होता, अगदी तसंच!"

"अंग कोणत्या रंगाचं होतं?" नानांनी विचारले.

शेठच्या चेहऱ्यावरचा आनंद विरला. "अंग... अंग मी बघितलंच नाही. डोळे त्या पांढऱ्या डागावरच गेले."

"बसा. कदाचित परत येईल."

ऊन चांगलेच तापले, तरी शेठ हलले नाहीत. ते तिरफळाच्या अगदी बुंध्याशी बसले होते. नाना आणि ऋजुता अंतरावर होते. पुष्कळ वेळाने ते फुलपाखरू पुन्हा आले. ते शेठच्या डोक्यावरच्या फांदीपाशी घुटमळले, क्षणभर एका कोवळ्या पानाला टेकले, आणि निघून गेले. ऋजुताला पाने आडवी आल्यामुळे काहीच दिसले नाही. नानांनाही दिसले नाही. जे काही दिसले ते एकट्या शेठना दिसले होते.

आता या माणसाने नुसते "लाल" म्हटले, तरी त्याला खोटे ठरवणारे इथे कुणी नाही, हे ऋजुताच्या लक्षात आले. आणि त्याने तसेच म्हणावे, असे तिला आतून वाटत होते.

शेठ बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग वळून म्हणाले, "काळं."

"काळंच होतं," ते पुन्हा म्हणाले. "एवढे दिवस बसतोय, अंग बघायचं हे आधी सांगून ठेवलेलं, तरी पहिल्या वेळी मला ते दिसलं नाही. त्याला तर कुणी सांगितलंही नव्हतं. एका क्षणात आलं आणि गेलं असेल. आणि मी त्याला खोटारडा म्हणालो, नाना. भर दुकानात."

त्यांनी खिशातून फोन काढला. त्या उंचावर रेंज मिळत होती. दुकानातल्या सवयीने त्यांनी स्पीकर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. फोन उचलला जाईल असे कुणालाच वाटत नव्हते. पण तो उचलला गेला.

"आईला काही झालंय का?" तरुण आवाज घाबरलेला होता.

"नाही रे. आई बरी आहे. ठेवू नकोस. एकच विचारायचं होतं." शेठ उठून उभे राहिले. "त्या फुलपाखराचं अंग कोणत्या रंगाचं होतं?"

मग सारंगने सावधपणे विचारले, "कुणी सांगितलं तुम्हाला हे विचारायला?"

"कुणी नाही. मी वरच्या रानात तिरफळाखाली बसलोय. आत्ता माझ्या डोक्यावरून बहुरूपीची मादी गेली. सकाळी गेली तेव्हा मला तिचं अंग दिसलंच नव्हतं. म्हणून विचारतोय, तुला दिसलं होतं का?"

सारंग बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"नाही, बाबा. नीट दिसलं नव्हतं. डाग मोठा होता, एवढं नक्की. लाल वाटलं होतं, पण वाटलं होतं. घरी येईपर्यंत माझं मलाच ते पक्कं झालं. मग सगळे हसले. मग तुम्ही तसं म्हणालात. त्यानंतर 'कदाचित माझी चूक असेल' म्हणायला मला जागाच उरली नाही."

"ती जागा मी बुजवली," शेठ म्हणाले. "चुकलं माझं."

सारंगने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "तुम्हाला खरंच बहुरूपी ओळखता येतो?"

"मादी येते. नर अजून चुकतो."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. वर्षभर न ऐकलेला तो आवाज ऐकून शेठनी मान फिरवली आणि उपरण्याने तोंड पुसले. मग बापलेक बोलत राहिले. पिवळ्यात दोन प्रकार कसे ओळखायचे, हे मुलगा सांगत होता आणि बाप "हे मला आपोआप कळलं होतं" म्हणून मधेच अडवत होता. शेवटी सारंगने विचारले, "ही किती दिवस दिसतील अजून?"

शेठनी नानांकडे पाहिले. नाना हलकेच म्हणाले, "दिवाळीपर्यंत तरी."

"दिवाळीपर्यंत आहेत," शेठ फोनमध्ये म्हणाले.

"मग रजा टाकतो."

शेठ झपाझप पुढे उतरून गेले. घरी जाऊन बायकोला कधी एकदा सांगतो, असे त्यांना झाले होते. मागून नाना आणि ऋजुता सावकाश चालत होते.

ऋजुता म्हणाली, "नाना, तुम्ही त्याच दिवशी होकार दिला असता तरी तो आला असता. मग हे सगळं कशासाठी?"

नाना काठी टेकून उभे राहिले. "आला असता. पण आपल्याला नीट दिसलं नव्हतं, हे त्या पोराला आतून ठाऊक होतं. माझा होकार त्याने उजळ माथ्याने मिरवला असता आणि एकांतात त्याला त्याची लाज वाटली असती. आणि मी नकार दिला असता, तर बापाचं बोलणं खरं ठरलं असतं. दोन्ही उत्तरं फुलपाखराविषयी होती, ऋजुता. त्या दोघांमध्ये वर्षभर जे अडलं होतं, ते फुलपाखरामुळे अडलेलं नव्हतं. बापाने मुलाच्या शेजारी बसून एकदाही त्याच दिशेला पाहिलं नव्हतं. ते माझ्या शब्दाने कसं झालं असतं? ते त्यालाच जाऊन बसून करायला हवं होतं."

"आणि शेठनी 'लाल' म्हटलं असतं तर?"

"ती भीती मलाही होती," नाना म्हणाले. "पण ज्याने एकदा मन लावून पाहिलं, त्याला सहसा खोटं बोलवत नाही. आपण जे पाहिलं त्याविषयी त्याला एक माया वाटायला लागते."

उतारावर दोन्ही बाजूंना तेरड्याची फुले माजली होती. मग तिने विचारले, "पण मग सारंगने पाहिलं ते काय होतं? मलबारी गुलाब, की बहुरूपी?"

"मला माहीत नाही," नाना म्हणाले. "त्यालाही माहीत नाही. आता ते दोघं मिळून शोधतील."

आपल्या माणसाचे म्हणणे खरे की खोटे, हे ठरवण्याची आपल्याला नेहमीच घाई असते. त्याने ते जिथून पाहिले, तिथे जाऊन थोडा वेळ बसावे, हे मात्र फार क्वचित सुचते.