पाणवठ्यावरचा फळा

जनावरं सभा भरवायची, तेव्हाची गोष्ट. रान तापायला लागलं, म्हणून पंचायतीनं हजार झाडं लावायचं ठरवलं. काम किती झालं ते सगळ्यांना दिसावं म्हणून पाणवठ्यावर फळा उभारला आणि नोंदीला शेळी नेमली. झाड लागलं की ती फळ्यावर एक हिरवं पान काढायची. पानं इतकी वाढली, की फळा दोनदा मोठा करावा लागला.

उन्हानं हैराण झालेली म्हातारी म्हैस सावली शोधत रानभर फिरली. तिला नुसते खड्डे दिसले.

"शेळीबाई, झाडं कुठं गेली गं?"

शेळी रवंथ करत म्हणाली, "लावली किती, एवढंच लिहायचंय. जगली किती, ते कुणी विचारलंच नाही."

वैतागलेली म्हैस फळ्याच्या मागं सावलीला गेली, तर तिथं अख्खी पंचायत बसलेली.

सरपंच अस्वल म्हणालं, "आजी, जरा दाटीनं बसा. फळा आणखी मोठा करायचा ठराव चाललाय."