बत्तीस तांबे

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती आधी कोणी सांगितली हे सांगणाऱ्यालाही आठवत नसे.

एका राज्याच्या कडेला एक गाव होतं. राजा लांब राहायचा, म्हणून गावाचे नियम गावच ठरवायचं. होळी झाली की घरटी एकेक चिंचोका वाटला जाई. उभे राहणाऱ्यांची मडकी चावडीत मांडली जात आणि ज्यांच्या मडक्यात जास्त चिंचोके, ते पाच जण वर्षभराचे पंच. पाडव्याला ते शपथ घेत आणि चावडीतल्या पाच दगडी आसनांवर बसत. भिंतीवर त्या वर्षाचा एक दगड बसे, त्यावर त्यांची नावं कोरली जात.

शपथेचे नियम मात्र कडक होते. शपथ घ्यायची ती पाडव्यालाच, गावच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन. पाणी इतकं निवळ हवं, की तळहाताच्या रेषा दिसल्या पाहिजेत. आणि जो एकदा निवडून आला, त्याचं मडकं पुन्हा जन्मात मांडायचं नाही.

त्या वर्षी लोहार, तेली, धनगर आणि शिंपी निवडून आले, आणि पाचवी आली गोजरा कासारीण. गोष्ट तिचीच आहे.

गोजरा गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरायची. बांगड्या भरणारीला बसायला कोण पाट मांडतं? तीस वर्षं ती लोकांच्या अंगणात उकिडवी बसली होती. म्हणून एकदा तरी उंच आसनावर, पाठ टेकून, पाय सोडून बसायचं, ही तिची फार दिवसांची हौस. निवडून आल्यावर तर तिचे पाय जमिनीवर ठरेनात. माहेरी जाऊन ती भावजयीला म्हणाली, "वहिनी, पाडव्याला नक्की या. पुढेच बसा. मान वर करून बघावं लागेल मला!"

"येते की वन्सं," भावजय म्हणाली. "त्या आसनावर तुम्ही मावता का, तेवढं तरी बघते!"

गोजरा अंगाने चांगली भरलेली होती. बोलणं तिला लागलं, पण हौस काही कमी झाली नाही.

शपथेच्या पाण्याची राखण एका म्हाताऱ्या गुरवाकडे होती. तो पाचही जणांना तळ्यावर घेऊन गेला. तळं कसलं, म्हशींची न्हाणी! कमरेइतका गाळ आणि वर चार बोटं हिरवं पाणी. गावातल्या बाया कोसभर चालून पिण्याचं पाणी आणत. दरवर्षी निवडून येणारे म्हणत, "यंदा गाळ काढतोच." मग आसनावर बसत आणि बसूनच राहत.

"बाबांनो, यात रेषा कसल्या दिसतात," गुरव म्हणाला. "हात दिसला तरी नशीब!"

गोजरा म्हणाली, "काठाला एक खड्डा खणू. त्यात निवळ पाणी झिरपेल. ओंजळभरच तर हवंय!"

बघा, तळं साफ करायचं तिच्याही मनात नव्हतं. खोटं कशाला सांगू?

पाच जणांनी खड्डा खणायला घेतला. दिवसभर खणावं, आणि सकाळी येऊन बघावं तर गाळाने खड्डा भरलेला. असे दहा दिवस गेले. पाडवा तोंडावर आला. मग गोजराने एक युक्ती केली. तिच्या रुखवतात बापाने एक तांब्या दिला होता, वर तिचं नाव घालून. तो घेऊन ती गुपचूप माहेरी गेली, तिथल्या विहिरीचं पाणी भरून आणलं, आणि बांगड्यांच्या टोपलीत तांब्या लपवून ठेवला. खड्ड्यात वाकायचं, ओंजळ तांब्याच्या पाण्याने भरायची, की झालं! पण रिकामा तांब्या कोणी पाहिला तर? तो तिथेच गाळात सोडून द्यायचा, असं तिने ठरवलं. बापाच्या आठवणीने जीव हळहळला, तरी ठरवलं.

पाडव्याला घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या. सगळं गाव तळ्यावर जमलं. भावजय नवं लुगडं नेसून अगदी पुढे बसली होती.

"थांबा, एक शेवटचा घाव घालून बघतो," लोहार म्हणाला, आणि त्याने कुदळ मारली.

ठण्ण!

"धन! धन सापडलं!" लोक उठून उभे राहिले. लोहाराने हात घातला. निघाला एक तांब्या. आणखी खणलं, दुसरा निघाला. मग तिसरा. एकामागून एक सत्तावीस तांबे निघाले. शिंप्याला वाचता येत होतं. तो एकेक तांब्या पुसून त्यावरचं नाव वाचू लागला.

"अगं बाई, हे तर आमचे आजेसासरे!"

"आणि हा आमचा थोरला काका!"

सगळी नावं ओळखीची होती. हीच नावं चावडीच्या भिंतीवर कोरलेली होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले. गुरव मटकन खाली बसला आणि कपाळाला हात लावून हसत सुटला.

"मला दरवर्षी नवल वाटायचं, की अशा गाळातून इतकं निवळ पाणी येतं कुठून! पण माझं काम रेषा बघायचं. मी रेषा बघितल्या, तोंडं नाही बघितली. माझंही चुकलंच."

"झालं ते झालं," कोणीतरी म्हणालं. "पंचहो, शपथ घ्या. मुहूर्त टळतोय."

पहिला मान गोजराचा होता. ती टोपली घेऊन खड्ड्यात उतरली. सगळे अजून तांब्यांभोवतीच घोळका करून होते. तिने टोपलीत हात घातला. तांब्या गार लागला. एक ओंजळ, बस. मग ते आसन, ती पाठ टेकणं, ती वहिनीची वर वळलेली मान. कोणाला काही कळलं नसतं. आणि आज हुकलं, तर पुन्हा कधीच नाही.

पण तिच्या मनात आलं, आज हा तांब्या इथे सोडला, तर पुढे कोणीतरी असंच खणेल, आणि बापाने घातलेलं नाव असंच भर गावात वाचलं जाईल. तिला स्वतःची लाज वाटली. आणि लगेच हसूही आलं.

ती वर आली. तांब्या उंच धरून म्हणाली, "शिंपीदादा, हा अठ्ठाविसावा मोजा!"

सगळं गाव तिच्याकडे वळलं. गोजराने तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला.

"माहेरचं पाणी गोड आहे," ती तोंड पुसत म्हणाली, "पण शपथ सासरच्या तळ्याची आहे."

कोणीतरी खाकरलं. तो धनगर होता. त्याने घोंगडीखालून हळूच एक तांब्या काढला. लोहाराने अवजारांच्या ढिगातून काढला. शिंप्याने कापडाच्या गाठोड्यातून काढला. तेली तेवढा हलेना. मग त्याच्या बायकोनेच त्याचं भलंमोठं पागोटं उचललं, आणि पाणी त्याच्या मिशांवरून ओघळलं!

बत्तीस तांबे झाले. गाव असं हसलं, की म्हशीही तळ्यातून उठून उभ्या राहिल्या.

हसणं ओसरल्यावर गुरव म्हणाला, "म्हणजे यंदा गावाला पंच नाहीत. आणि तुम्हा पाचांना पुन्हा संधी नाही. कळतंय ना, गोजराबाई?"

"कळतंय," गोजरा म्हणाली. तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "पण खड्डा सुरू झालाच आहे. आता कशाला सोडायचा?"

सगळ्यांच्या आधी उठली ती भावजय. नव्या लुगड्याचा काचा मारत ती म्हणाली, "वन्सं, ती पाटी इकडे द्या बघू."

मग काय विचारता! लोहाराने कुदळींना फुकट धार लावून दिली. तेल्याच्या बैलांनी घाणा सोडून गाळ ओढला. कोणी कधी यायचं, गाळ कोणाच्या शेतात टाकायचा, हे सगळं गुडघाभर चिखलात उभं राहूनच ठरलं. बांधावरून भांडणारे दोघे भाऊ एकाच पाटीला हात लावू लागले. चावडीतली आसनं वर्षभर ओस पडली, आणि गोजराच्या आसनावर चिमणीने घरटं बांधून दोनदा पिल्लं काढली.

पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. दिवाळीपर्यंत पाणी निवळलं. गाळ टाकलेल्या शेतांत ज्वारी डोक्याच्या वर गेली.

पुढच्या पाडव्याला नवे पाच पंच तळ्यात उतरले. गुरवाला आता फारच कमी दिसत होतं, तरी ओंजळीतली रेष न् रेष त्याला दिसली. शपथा झाल्या, नवे पंच आसनांवर बसले. पाथरवटाने विचारलं, "मागच्या वर्षीच्या दगडावर कोणाची नावं घालू?"

"शपथ झाली नाही, तेव्हा नाव नाही. दगड कोराच बसव," गुरव म्हणाला.

तेव्हा गोजरा तळ्याला नव्याने बांधलेल्या पायरीवर पाठ टेकून, पाण्यात पाय सोडून बसली होती. भावजय शेजारी येऊन टेकली.

"वन्सं, तुमचं आसन राहिलंच की हो!"

"राहिलं खरं," गोजरा म्हणाली. "पण बघा ना वहिनी, इथे मी मावते!"

त्या चावडीत आजही पोरं तो कोरा दगड बघून विचारतात, "त्या वर्षी पंच कोण होतं?" मग मोठी माणसं त्यांना तळ्यावर नेतात, पायरीवर मांडलेल्या बत्तीस तांब्यांतला एक भरून हातात देतात आणि म्हणतात, "पी बाळ, म्हणजे कळेल."

तात्पर्य : शपथ ओंजळीतल्या पाण्याने नाही, त्याच हातांनी केलेल्या कामाने खरी होते.