हेवा सांगायची चूल

बावखलाच्या काठावरची ही चूल बघून घ्या. तीन काळे दगड, बाकी काही नाही. बावखल म्हणजे आमच्या वसईकडचं गोड्या पाण्याचं तळं. सणाच्या दिवशी या चुलीवर आमच्या उंबरखळ पाड्याचं मोठं पातेलं चढतं. पण विस्तव घालण्याआधी जमलेल्या प्रत्येक बाईनं मोठ्यानं सांगायचं असतं की यंदा मला कुणाचा हेवा वाटला. नाव घेऊन सांगायचं, आणि ती बाई बहुतेक समोरच उभी असते. पुरुषांचं म्हणणं, त्यांना हेवा वाटतच नाही. म्हणून त्यांना आम्ही लाकडं फोडायला बसवतो.

माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं तसंच तुम्हाला सांगते. आगबोटींच्या काळात इथे कातरीन नावाची एक विधवा राहत होती. तिला दोन मुलगे. थोरल्याची बायको बेर्नादिन. तिच्या बीफच्या कालवणाचा वास सुटला की शेजारपाजारची माणसं स्वतःच्या ताटावरून उठायची, म्हणे. मसाला ती स्वतः कांडायची आणि त्यात काय काय आहे याचा कुणाला पत्ता लागू द्यायची नाही. लग्न असो की बाप्तिस्मा, पाड्यातला स्वयंपाक तिच्याच हातचा. तिला त्याचा तोरा होता, आणि का नसावा?

धाकटा इनास बोटीवर खलाशी. एका फेरीत तो मनिलाहून बायको घेऊन आला. तिचं नाव पिलार. आपल्यासारखीच सावळी, आपल्यासारखीच क्रूस करणारी, पण बोलणं कुणाला कळेना. त्याच वर्षी कातरीन आजारी पडली. तोंड सोलवटलं, पोटात आग. बेर्नादिनचं कालवण समोर गेलं की तसंच परत यायचं.

मग पिलारनं तिच्या माहेरची रीत काढली. बीफ आणि नळ्यांची हाडं पाण्यात घालून मंद आचेवर ठेवायची, वर येणारा फेस काढत बसायचं. कांदा आणि अख्खी मिरी, बस्स. मांस मऊ झालं की बटाटा, फरसबी, शेवटी कोबी. त्यांच्याकडे यात एक जाड केळं पडतं. इथे तिला आपलं राजेळी सापडलं, तेच तिनं अर्धकच्चं चिरून घातलं. हळद नाही, मिरची नाही, मसाला नाही. बेर्नादिन हसली. "हे तर भांडं विसळलेलं पाणी!" म्हणाली. पण म्हातारीनं एक वाडगा संपवला आणि दुसरा मागितला.

त्या दुसऱ्या वाडग्यानं बेर्नादिनच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. तिनंही गुपचूप तसंच रांधून पाहिलं, पण सवयीनं हात मसाल्याकडे गेला आणि पातेलं लालभडक झालं. रोज म्हातारीची हाक ऐकू यायची, "पिलार, ए पिलार." इतकी वर्षं त्या हाकेत बेर्नादिनचं नाव होतं. तिला झोप लागेना, अन्न गोड लागेना. शेवटी एका दुपारी पिलार धुणं घेऊन गेली असताना बेर्नादिननं तिचं भरलेलं पातेलं उचललं आणि या बावखलात रिकामं केलं.

थोड्या वेळानं म्हातारी जागी झाली आणि वाडगा मागू लागली. दुसरं काही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिचा तो बारीक आवाज बेर्नादिननं ऐकला. हेवा पिलारचा, आणि उपाशी राहिली सासू. घरात कुणाला कळू नये म्हणून उरलेली हाडं आणि भाजी घेऊन ती इथे काठावर आली, तीन दगड मांडले, जाळ केला. पण पाणी उकळेना, असं सांगतात. जाळ पातेल्याच्या कडांपर्यंत, आणि पाणी विहिरीतल्यासारखं गार.

एवढ्यात पिलार आली. बावखलात तरंगणारा कोबी तिनं पाहिला आणि काय झालं ते ओळखलं. ती चुलीसमोर येऊन बसली. तेव्हा बेर्नादिनच्या तोंडून निघून गेलं, "मला तुझा हेवा वाटतो गं! जन्मभर मी भरवलं त्यांना, आणि हाक तुला. मीच ओतलं ते."

पिलार मोडकंतोडकं बोलली, "मला पण तुमचा, जाऊबाई. तुमची आई इथे. माझी आई समुद्राच्या पलीकडे. तिला माझ्या हातचं परत नाही मिळणार."

आणि पातेल्यात बुडबुडे आले, म्हणे. लाकडं ओली असतील, असं आमचे मालक म्हणायचे. त्यांनी जन्मात चूल पेटवली नव्हती.

फेस पिलारनं काढला, केळी बेर्नादिननं चिरली. दिवेलागणीला दोघींनी मिळून वाडगा नेला. म्हातारी सगळं प्यायली. मग तिनं बेर्नादिनचं मनगट धरलं. "बाय, हे मी मुकाट्यानं पिते ते बरं व्हायला. बरी झाले की तुझ्या हातचं तिखट कालवण खायचंय मला. त्याच्यासाठीच पिते."

बेर्नादिननं दुसऱ्याच दिवशी ताजा मसाला कांडून ठेवला. पण कातरीन त्याच आठवड्यात गेली, कालवण राहूनच गेलं. तुम्हाला काय खावंसं वाटतं, एवढं त्या सगळ्या दिवसांत बेर्नादिननं तिला एकदाही विचारलं नव्हतं. या दगडांवर हात ठेवून ती म्हणाली म्हणे, की माझ्या पाड्यात यापुढे कुणी आजारी माणसाला विचारल्याशिवाय राहणार नाही.

आजही आमच्यात कुणी अंथरूण धरलं की उशाशी बसून विचारतात, "कुणाच्या हातचं खावंसं वाटतं?" ज्या घराचं नाव निघेल, त्या घरातली बाई हातातलं काम टाकून येते. नाव आपलंच निघावं म्हणून दाराआड प्रत्येकीचे कान टवकारलेले असतात, ते वेगळं. माझ्या सासूबाईंना शेवटच्या दुखण्यात मीच विचारलं. त्यांनी माझ्या धाकट्या जावेचं नाव घेतलं. तिला बोलवायला मीच गेले. वाटभर जळत गेले, पण गेले.