बसवजयंतीचा फोटो

“तिला तुम्ही नेमकं काय शिकवलंत, अक्का?”

हुक्केरी सरांनी पायातली चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

हिरण्यकेशीच्या काठी अक्कांचा लहानसा मठ. अक्का ओट्यावर तूरडाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

“बस की, विरूपाक्ष.”

सर बसले नाहीत. गडहिंग्लजच्या कॉलेजात ते उपप्राचार्य. परीक्षेत कॉपी पकडण्यात त्यांची हयात गेलेली. कुणी गोड बोललं की त्यांची नजर आधी त्याच्या हाताकडं जायची.

“शर्वाणी इथं येते. घरी सांगते मैत्रिणीकडं जाते म्हणून. खरं की खोटं?”

“येते.”

“कशासाठी?”

“तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.”

हे उत्तर सरांना जरा जास्तच सोयीचं वाटलं. आपली सतरा वर्षांची मुलगी मठात येते, आणि ही बाई विचारतही नाही?

“यंदा ती फोटोला उभी राहिली नाही,” ते म्हणाले.

“कसल्या फोटोला?”

सरांनी पिशवीतून जाड अल्बम काढला. इतका वेळ आवळून धरलेला त्यांचा आवाज आता जरा मोकळा झाला. शर्वाणी दुपट्यात होती तेव्हापासूनचं ठरलेलं होतं. दर बसवजयंतीच्या सकाळी, घरामागच्या पिवळ्या भिंतीपुढं, तिरपं ऊन असतानाच फोटो. पुढं धाकटा सोमेश झाला, तोही तिच्या शेजारी उभा राहू लागला. जागा तीच. हात बाजूला, हनुवटी वर. मुलं कशी वाढली ते एका नजरेत दिसावं.

“एकही वर्ष चुकवलं नाही, अक्का. लोक आपल्या घरी नेऊन दाखवतात हा अल्बम.”

अक्कांनी सूप बाजूला सारलं. पदराला हात पुसले. पानं उलटू लागल्या.

एका पानावर त्या थांबल्या.

“पोरीच्या तोंडावर हे काय?”

“कांजिण्या. पावडर लावली होती. फारसं दिसत नाही.”

अजून एक पान.

“या वर्षी तुझे वडील गेले ना?”

“हो. तिसरा दिवस होता.”

“हसतेय पोर...”

“मी सांगितलं होतं हसायला.”

ही बाई आपल्याला बोलतं करतेय, असा संशय सरांना आला. त्यांनी ओठ मिटून घेतले.

मग यंदाचा फोटो आला. सोमेश एकटा, भिंतीच्या एका कडेला. शेजारी नुसती पिवळी भिंत.

“हा मधे का उभा राहिला नाही?”

“मीच म्हटलं, तिची जागा ठेव.” सर घुटमळले. “वाटलं... ऊन सरायच्या आत येईल.”

तेवढ्यात आतून कुणी तरी हसलं. मोठ्यानं, अगदी खिदळून. भांडं पडल्याचा आवाज झाला आणि ते हसू आणखीच वाढलं.

सर ताठ झाले.

“आत कोण आहे? आपलं बोलणं ऐकतंय कोण?”

“ओळखलं नाहीस?”

“मी कसं ओळखणार? तुमच्या मठातलं माणूस.”

अक्कांनी आत हाक दिली. हसू घेऊनच एक मुलगी दारात आली. मनगटापर्यंत पीठ, कपाळावर पीठ, केस सुटलेले. तिची नजर आधी सरांवर गेली. मग अक्कांच्या मांडीवरच्या अल्बमवर.

शर्वाणी होती.

तिचं हसू थांबलं. दोन्ही हात सरळ खाली आले आणि बाजूंना चिकटले. हनुवटी वर गेली. ओठ जरासे फाकले, जेवढे फोटोत फाकायचे तेवढेच.

तशीच ती उभी राहिली.

ही आपली चेष्टा करतेय, सरांना वाटलं. कुणी शिकवल्याशिवाय ही एवढं करायची नाही. त्यांनी तिचा चेहरा निरखला. वर्गात पोराच्या चेहऱ्यावरचं खोटं ओळखायला त्यांना वेळ लागत नसे. इथं ते कितीही शोधलं तरी सापडेना. पोर श्वास धरून उभी होती. एवढंच.

“शर्वे,” ते म्हणाले. “मी... कॅमेरा आणलेला नाही.”

तिनं ऐकलं, पण हात सैल पडले नाहीत.

“पीठ वाळतंय गं,” अक्का म्हणाल्या.

ती आत गेली. सरांनी कान दिला. आत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. हसू काही ऐकू आलं नाही.

सर मटकन ओट्यावर बसले. चप्पल पायातच होती.

“अशी कधी हसते ती?” त्यांनी विचारलं.

“कुणी बघत नसलं की.”

अक्कांनी अल्बमचं पान उलटलं. पुढं फोटो नव्हते. नुसत्या रिकाम्या चौकटी, आणि प्रत्येकीखाली सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं. बारावी. वैद्यकीय प्रवेश. पदवीदान. विवाह.

सरांनी घाईनं हात पुढं केला. “ते पुढचं आहे. आधी ठरवून ठेवलेलं बरं असतं, म्हणून... द्या इकडं.”

अक्कांनी अल्बम दिला नाही. एका रिकाम्या चौकटीखालची अक्षरं अंगठ्यानं झाकली, अल्बम डोळ्यांपासून जरा लांब धरला, आणि म्हातारी माणसं नातवंडांचे फोटो बघतात तशा त्या बघत राहिल्या.

“तिथं काही नाही, अक्का,” सर म्हणाले. तरी त्यांनी वाकून पाहिलंच. पान कोरं होतं.

अक्कांचा चेहरा हळूहळू उजळला.

“ही छान आलीय. कपाळावर पीठ, केस सुटलेले.”