एका रात्रीपुरती घोंगडी

फार पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी अंजनपूर नावाचे नगर होते आणि तेथे वीरसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका मेंढपाळाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव ऊर्णक. आईवडील लवकर गेले. मागे राहिला मेंढ्यांचा कळप, एक माग आणि थोरली बहीण सोमा. ऊर्णक मेंढ्या राखी आणि लोकर कातरी. सोमा सूत काती आणि घोंगड्या विणी.

त्या घराण्यात आजवर कोणी व्यापार केला नव्हता. वडील कच्ची लोकर व्यापाऱ्याला घालीत आणि तो देईल ते घेऊन घरी येत. ऊर्णकाच्या मनात आले की आपला माल आपणच विकावा. पण तो कसा विकावा, हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून तो भद्रसाल श्रेष्ठींकडे गेला. श्रेष्ठी वडिलांच्या ओळखीचे होते आणि त्यांचे तांडे खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जात असत.

श्रेष्ठींनी त्याला जवळ बसवून घेतले. "बाजारात घोंगडी टांगशील तर लोक हात लावून पुढे जातील," ते म्हणाले. "तू खिंडीच्या तोंडाशी बस. माथ्यावर एक रात्र काढावीच लागते. वारा अंगात शिरला की माणूस घासाघीस करीत नाही."

सल्ला प्रेमाचा होता आणि खराही होता. ऊर्णक खिंडीच्या तोंडाशी बसला आणि थंडी ऐन भरात येण्याआधीच घोंगड्या संपत आल्या. सोमाने घराचे गळके छप्पर शाकारून घेतले. कितीतरी वर्षांनी दोघे भावंडे निश्चिंत मनाने जेवली.

एक दिवस खेमक नावाचा ओझेकरी त्याच्यापुढे थांबला. तो दुसऱ्यांचा माल पाठीवर वाहून नेत असे. त्याने शेवटच्या घोंगडीवरून हात फिरवला, भाव विचारला आणि ती नीट घडी करून परत ठेवली. ऊर्णकाच्या ओठांवर शब्द आले होते, पण मागे एक व्यापारी उभा होता. घोंगडी त्याने नेली. खेमक अंगावरचे पातळ उपरणे आवळून चढणीला लागला.

त्या रात्री ऊर्णकाला झोप लागली नाही. पुढे विकायला काही उरले नव्हते, तेव्हा पलीकडे गिऱ्हाईक मिळते का ते पाहावे म्हणून तो स्वतः खिंड ओलांडून गेला. पलीकडचे खोरे उबदार होते. उतार संपला तेथेच काटेरी झुडपांत त्याला एक घोंगडी अडकलेली दिसली. थोडे पुढे गेल्यावर एक जण दुसऱ्या घोंगडीने बैलांचे खूर पुसताना दिसला. एक चिखलात पडून कुजत होती. उबेत उतरल्यावर तिचे ओझे कोणाला नको होते. काठाची वीण पाहून ऊर्णकाने सोमाचा हात ओळखला.

धर्मशाळेत त्याला खेमक भेटला. त्याच्या पायांना फडकी बांधलेली होती. हिमाने त्याची बोटे गेली होती.

ऊर्णक त्याच्याजवळ बसला. तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुम्हाला हाक मारायला हवी होती."

"हाक मारून काय झाले असते?" खेमक म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुमचा भाव काही अवाच्या सवा नव्हता. घोंगडी आहेच तशी. पण मला ती जन्मभरासाठी नको होती हो. एका रात्रीपुरती हवी होती."

हे शब्द घेऊन ऊर्णक घरी आला. सोमा मागावर बसली होती.

"अक्का," तो म्हणाला, "यापुढे घोंगडी विकायची नाही. इकडे द्यायची, पलीकडे उतरल्यावर परत घ्यायची. तिकडून येणारा तीच पांघरून इकडे येईल. ज्याचा माल आहे त्याने आपल्या मालातले मूठभर द्यावे. जो दुसऱ्याचे ओझे वाहतो त्याने काही देऊ नये. पलीकडे उताराशी एक झोपडी बांधू, ती खेमक सांभाळील. त्याला आता ओझे उचलवणार नाही."

सोमाने धोटा थांबवला. "आणि परत नाही दिली तर? तुझे काय, तू देऊन मोकळा होशील. बोटे माझी सोलतात."

"काही जण देणार नाहीत," ऊर्णक म्हणाला. "ते मी धरून चाललो आहे."

सोमाने पुन्हा धोटा चालवला. दुसऱ्या दिवशी तिने घोंगड्यांच्या काठाला लाल सूत घालायला सुरुवात केली, म्हणजे त्या लांबूनही ओळखू याव्यात.

पुढचा हिवाळा अवघड गेला. काही घोंगड्या खरेच गेल्या. मूठभर मीठ, मूठभर धान्य यांवर घर चालेना. मेंढ्या विकायची पाळी आली. आपण बहिणीला फसवले तर नाही ना, असा विचार ऊर्णकाच्या मनात वारंवार येई.

अशात भद्रसाल श्रेष्ठी विड्याच्या पानांचा मोठा तांडा घेऊन आले. आभाळ काळवंडले होते. "ऊर्णका, पाने हिमाने जळतात," ते म्हणाले. "तुझ्याकडे आहेत तेवढ्या घोंगड्या मला विकत दे. मागशील ते देतो. करंड्या झाकायच्या आहेत."

ऊर्णकाने सोमाकडे पाहिले. त्या एका व्यवहारात घर सावरले असते, मेंढ्या राहिल्या असत्या. श्रेष्ठींमागे त्यांचे ओझेकरी हातांवर फुंकर घालीत उभे होते.

"काका, देतो," तो म्हणाला, "पण करंड्यांसाठी नाही. तुमच्या माणसांसाठी न्या. तुम्हीही एक पांघरा. पलीकडे खेमकाकडे परत द्या."

"पाने गेली तर माझे नुकसान कोण भरून देणार?"

"मला ते भरता येणार नाही," ऊर्णक म्हणाला. "पण एवढ्याच घोंगड्या आहेत."

श्रेष्ठींचा चेहरा उतरला. मग सोमाच उठली आणि एकेका ओझेकऱ्याच्या खांद्यावर घोंगडी घालू लागली. शेवटची तिने श्रेष्ठींच्या हातात दिली.

माथ्यावर हिमवादळाने तांड्याला गाठले. पाने करंड्यांतच काळी पडली. माणसे मात्र एकमेकांना बिलगून बसली आणि वादळ निवल्यावर सगळी चालत खाली उतरली. उतारावर श्रेष्ठींनी कोणालाही पुढे जाऊ दिले नाही. झोपडीपाशी उभे राहून प्रत्येकाची घोंगडी त्यांनी घडी करून घेतली आणि आपली शेवटी ठेवली.

पानांचे दुःख त्यांना बरेच दिवस राहिले. पण वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामात ते ही हकिकत सांगत. दुसऱ्या व्यापाऱ्यांनी तांडे खिंडीकडे वळवले, कारण तेथे माणसे दगावत नाहीत असा लौकिक झाला. मुठी वाढल्या, घर सावरले. लोकर कमी पडू लागली तेव्हा शेजारच्या मेंढपाळांनी आपली लोकर आणून घातली, आणि सोमाच्या हाताखाली आणखी माग चालू लागले. त्यानंतर ऊर्णकाच्या हयातीत त्या खिंडीत थंडीने कोणी मेले नाही.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात एका तरुणाला सांगितली. तो नव्यानेच व्यापाराला लागत होता आणि कोणता मार्ग धरावा हे कळेना म्हणून खिन्न होऊन बसला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळची सोमा म्हणजे येथे भिक्षूंची चीवरे शिवणारी उपासिका. भद्रसाल म्हणजे ज्यांनी हा विहार बांधला ते गृहपती. ऊर्णक मीच होतो."

तरुणाने विचारले, "भगवन्, आणि तो खेमक?"

"तो तू होतास," शास्ते म्हणाले. "काय हवे आहे ते तेव्हा तूच मला सांगितले होतेस. मी फक्त ऐकले. जी प्रज्ञा करुणेने ऐकते, तीच प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता."