नौकांना दृष्टी देणारी रोचना

पूर्वी कृतयुगात, पर्वतांना नुकतेच स्थैर्य लाभले होते त्या काळी, भूमध्य समुद्रात श्वेतशिला नावाचे एक द्वीप होते. त्यावर नदी नव्हती, अरण्य नव्हते. होते ते पांढऱ्या पाषाणाचे कडे, जैतुनाचे वाकडे वृक्ष आणि वरुणावर अपार श्रद्धा असलेले धीवर. वसंतातल्या पहिल्या सफरीला निघताना प्रत्येक नाविकाने भोक पाडलेला एक नवा दगडी नांगर खाडीच्या मुखाशी वरुणाला अर्पण करावा, असा त्यांचा नेम होता. दोर न बांधता तो पाण्यात सोडायचा आणि मागे वळून पाहायचे नाही.

नेमक्या त्याच मुखाशी, जळाच्या तळाशी, उदवास नावाचे महातपस्वी मुनी आसन मांडून बसले. एवढा समुद्र मोकळा असताना तीच जागा का, हे मुनींना विचारण्याची सोय नसते. त्या वसंतात चाळीस नौका निघाल्या. एकोणचाळीस नांगर मुनींनी खांद्यांवर, पाठीवर सोसले आणि तपाची परीक्षा म्हणून गोडही मानून घेतले. चाळिसावा, अरित्रक नावाच्या धीवराचा, त्यांच्या उजव्या डोळ्यावर बसला.

नौका दूर गेल्यावर मुनी किनाऱ्यावर आले. रक्ताने माखलेले मुख पाहून स्त्रिया भयभीत झाल्या. मुनी गर्जले, "या द्वीपाच्या नौकांनी माझा नेत्र हरण केला. त्या नौका अंध होवोत. त्यांना पुन्हा किनारा दिसणार नाही."

सगळ्या स्त्रिया पायांवर कोसळल्या. उभी राहिली ती अरित्रकाची पत्नी रोचना. नौकांवर तीन दिवसांपुरतेच गोडे पाणी होते, हे तिला ठाऊक होते.

ती म्हणाली, "भगवन्, आपल्या वेदनेबद्दल मी क्षमा मागते. परंतु तो दगड शस्त्र नव्हता, पूजा होती. आमच्या आजोबा-पणजोबांपासून ती तिथेच होते आहे. आपण आमच्या देव्हाऱ्यात येऊन बसलात आणि फूल लागले म्हणून पुजाऱ्याला मारता आहात."

क्रोध ओसरला की तपस्व्यांनाही लाज वाटते, आणि उदवासांना ती वाटली. ते म्हणाले, "कल्याणी, न्याय तुझ्या बाजूने आहे. पण सुटलेली वाणी मलाही परत घेता येत नाही. एक उपाय आहे. कोणी आपली दृष्टी स्वेच्छेने एका नौकेला दिली, तर ती नौका इतरांना वाट दाखवील. दिलेली दृष्टी मात्र परत येणार नाही."

किनाऱ्यावर अरित्रकाची नवी नाव अर्धवट उभी होती. तिला अजून डोलकाठीही नव्हती. रोचनेने एकदा समुद्राकडे नीट पाहून घेतले. मग दोन्ही तळवे आधी डोळ्यांवर आणि मग नावेच्या नाळीवर, तिच्या पुढच्या टोकावर, ठेवले. लाकडावर दोन नेत्र उमटले. ती नाव शिडावाचून, वल्ह्यावाचून पाण्यात उतरली आणि दिसेनाशी झाली.

तिसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर असताना ती परतली, आणि तिच्यामागून चाळीसही नौका खाडीत शिरल्या. किनाऱ्यावर एकच कल्लोळ झाला. अरित्रक उडी टाकून उतरला, तेव्हा रोचना भलत्याच नावेकडे तोंड करून हसत उभी होती.

"रोचने," तो म्हणाला, "मी इकडे आहे."

"सगळ्या आल्या का, ते आधी सांगा," ती म्हणाली.

त्याने सांगितले. मग तिचा हात धरून तो रडला, आणि उदवास मुनी दूर एका खडकावर मान खाली घालून बसले होते.

पुढे खाऱ्या पाण्याने ते नेत्र फिके पडू लागले, तेव्हा दर वसंतात रोचना स्वतःच्या हाताने ते चाचपडत रंगवी. रेघ कुठे वाकडी जाई, एक डोळा मोठा, दुसरा लहान होई. तिला तसे सांगण्याची कोणाची छाती झाली नाही. ती गेल्यावर द्वीपावरच्या स्त्रियांनी तेच व्रत घेतले: नवी नाव पाण्यात उतरण्यापूर्वी घरच्या स्त्रीने डोळे मिटून तिचे नेत्र रंगवायचे.

म्हणून श्वेतशिलेच्या साऱ्या नौका थोड्या तिरळ्या. परदेशी पाहुणे बंदरात उतरताच त्यांना हसतात. तिथले लोक त्या हसण्याचा राग मानत नाहीत. पण सरळ डोळ्यांच्या नावेत त्यांच्यापैकी कोणीही पाय ठेवत नाही.