छावणीतला निवाडा

राखणीला ठेवलेल्या माणसावर भरवसा कधी ठेवावा, सांगा बरं? तो चोराला अडवतो तेव्हा, की चोर पळून गेल्यावर? जपानात सम्राट राजवाड्यातच राहिला आणि राज्य सेनापतीच्या छावणीत गेलं, हे आपण ऐकलं आहे. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडेही तसंच घडलं होतं म्हणतात.

हंसावती नगरीत राजा नावापुरता उरला होता, त्या काळी बोधिसत्त्व, म्हणजे आधीच्या जन्मीचे बुद्ध, दृढवर्मा नावाचा सेनापती होऊन जन्मला होता. मानकरी मंडळी राजधानीत वीणा ऐकत, चांदण्यावर श्लोक रचत. त्यांची दूरची गावं दृढवर्म्याचे घोडेस्वार राखत. हळूहळू लोक न्याय मागायला राजवाड्याऐवजी दृढवर्म्याच्या तंबूकडे येऊ लागले. काय दिवस होते ते! आलेल्याला आधी गरम पेज मिळे, मग विचारपूस होई.

एकदा भद्रवती नावाची, मानकऱ्याच्या घरातली म्हातारी विरलेला रेशमी शेला पांघरून तिथे आली. तिच्या गावचा राखणदार सुषेण तिचं सगळं भात छावणीतल्या आपल्या कोठारात भरत होता. हा सुषेण म्हणजे सेनापतीचा जिवलग. रणात दृढवर्म्यावरचा घाव त्याने आपल्या खांद्यावर झेललेला.

तिथेच उभा असलेला सुषेण हसला. "आजीबाई, तुमची मंडळी चंद्र बघत बसली होती, तेव्हा दरोडेखोरांना पिटाळलं कोणी?"

"तूच, बाबा. म्हणून तर दर सुगीला तुझा वाटा मी आधी काढायचे. आता तू माझ्या चुलीपुरतंही ठेवत नाहीस."

घोडेस्वार कुजबुजले, "सेनापतीने आपल्याच माणसाविरुद्ध निकाल दिला, तर उद्या त्याच्यासाठी मरणार कोण?"

दृढवर्म्याने ते ऐकलं. तो म्हणाला, "सुषेणा, जीव वाचवलास तो माझा. ते ऋण आजींच्या भातातून कसं फेडू? त्यांचं भात त्यांना परत जाईल. माझ्या वडिलांचं नदीकाठचं शेत आजपासून तुझं."

"अरे, मग तुला उरलं काय?"

"हा तंबू आहे की."

सुषेणाची मान खाली गेली. शेत त्याने घेतलं. हक्काचंच होतं ते. पण भाताची पोती त्याने स्वतः पाठीवर वाहून गाडीत चढवली, आणि कुजबुजणारे घोडेस्वार उठून त्याला हात देऊ लागले. छावणी सोडून एकही गेला नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा सुषेण तो आजचा माझा शिष्य आनंद, भद्रवती ती मला वाढवणारी मावशी गौतमी, आणि दृढवर्मा मीच होतो." आपल्या पदरचं देणं, हीच दानपारमिता, दानाची परिपूर्णता.

तेव्हा मंडळी, आपलं आणि दुसऱ्याचं वेगळं मांडा, हिशेब चोख ठेवा, एवढीच विनंती.